विश्लेषण : रोजचे सहा तास कानांवर… स्वस्त हेडफोन निवडताना नेमके काय पाहावे?

लातूरच्या ट्यूशन एरियातील किंवा नांदेडच्या श्यामनगर-बाबानगर भागातील एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावले, तर समोर उघडी वही, टेकून ठेवलेला मोबाइल आणि कानांवर हेडफोन हेच चित्र दिसते. ‘नीट’, ‘जेईई’ आणि ‘सीईटी’ची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी हेडफोन आता गाणी ऐकण्याची हौस राहिलेला नाही. कंपासपेटीइतकीच ती अभ्यासाची वस्तू झाली आहे. खरेदी मात्र अजूनही ‘बास किती दणदणीत’ आणि ‘बॅटरी किती तास’ एवढे पाहूनच होते. मग महिनाभरात कान दुखू लागतो, कुशनचे पापुद्रे निघतात आणि आवाजाची पट्टी नकळत दोन घरे वर सरकते. हजार ते तीन हजार रुपयांत मिळणाऱ्या, पूर्ण कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये काय पाहावे, कशाकडे दुर्लक्ष करावे आणि याचा कानांच्या आरोग्याशी काय संबंध आहे?

लातूर-नांदेडमध्ये हा प्रश्न वेगळा का?

गाणी ऐकणारा माणूस हेडफोन तासभर लावतो आणि काढून ठेवतो. शिकवणीचा विद्यार्थी तो चार ते सहा तास लावतो आणि तेही आठवड्याचे सातही दिवस. वर्गात सुटलेला भाग पुन्हा पाहणे, ध्वनिचित्रमुद्रित तासिका दीडपट वेगाने उरकणे, शंका सोडवणारे तुकडे ऐकणे हे सारे खोलीतल्या दोन-तीन सोबत्यांना त्रास न देता करायचे असते. त्यामुळे मोबाइलचा स्पीकर लावण्याची सोय नसते.

दुसरा फरक हवामानाचा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि ‘नीट’सारखी परीक्षा ऐन मेमध्ये येते. म्हणजे अभ्यासाचा जोर वाढतो तेव्हाच उकाडाही वाढतो. तिसरा फरक गोंगाटाचा. खोलीत कूलर, डोक्यावर पंखा, बाहेर रस्ता. हेडफोनच्या जाहिराती वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसाला समोर ठेवून केलेल्या असतात. गंजगोलाईत किंवा वजिराबादेत खरेदी झालेला हेडफोन मात्र कूलरसमोर, घामाने ओल्या कानांवर वापरला जाणार असतो. म्हणून इथे आराम, आवाजाचा दर्जा आणि कानांची सुरक्षितता हे तीन वेगळे प्रश्न उरत नाहीत. तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

‘ओव्हर-इअर’ आणि ‘ऑन-इअर’ यांत फरक काय?

ऑनलाइन दुकानांत दोन्ही प्रकार सर्रास एकाच नावाखाली विकले जातात आणि पहिली फसगत इथेच होते. ओव्हर-इअर हेडफोनची वाटी संपूर्ण कानाभोवती बसते. तिची गादी डोक्याच्या हाडावर टेकते आणि कान आत मोकळा राहतो. ऑन-इअर हेडफोनची गादी थेट कानावर दाबून बसते. कानाच्या पाळीत कूर्चा असते आणि तिच्यावरची त्वचा पातळ असते. तिच्यावर तासभर दाब राहिला की ती दुखणारच. चष्मा असेल तर कान एका बाजूने गादी आणि दुसऱ्या बाजूने चष्म्याची काडी यांच्यात चेपला जातो.

वेष्टनावर ‘ओव्हर-इअर’ छापलेले असले तरी खात्री पट्टीनेच करावी. प्रौढ माणसाचा कान साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर उंच असतो. गादीच्या आतल्या पोकळीची उंची साडेपाच सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर नाव काहीही असो, तो हेडफोन बहुतेकांच्या कानावरच टेकणार. पोकळीची खोलीही महत्त्वाची आहे. ती दीड-दोन सेंटिमीटर नसेल, तर कानाचे टोक आतल्या जाळीला घासते. पहिल्या दहा मिनिटांत ते जाणवत नाही, दुसऱ्या तासाला मात्र तेवढेच जाणवते.

कान आणि डोके का दुखते?

कारणे तीन आहेत : वजन, पकड आणि वजनाची विभागणी. तारेचे साधे हेडफोन साधारणपणे दीडशे ते दोनशे ग्रॅमचे असतात. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये बॅटरी आणि सर्किट असल्यामुळे ते दोनशे ते अडीचशे ग्रॅमपर्यंत जातात. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो डोक्याच्या मध्यावर एका अरुंद पट्टीवर टेकला की दोन तासांनी टाळू हुळहुळू लागते. वरची पट्टी रुंद आणि मऊ असेल, तर तेवढेच वजन त्रास देत नाही.

पकड म्हणजे दोन्ही वाट्या डोक्याला किती जोराने दाबतात ते. पकड सैल असेल तर मान खाली घालून लिहिताना हेडफोन घसरतो. घट्ट असेल तर जबडा आणि कानशिले दुखतात. नवा हेडफोन बहुधा घट्टच असतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे डोक्याच्या रुंदीएवढा पुस्तकांचा गठ्ठा करून हेडफोन रात्रभर त्यावर चढवून ठेवणे. एनसीईआरटीची पुस्तके या कामालाही येतात. मात्र गठ्ठा डोक्यापेक्षा फार रुंद नको, कारण स्वस्त हेडफोनची प्लॅस्टिकची पट्टी जास्त ताणली तर सांध्यातून तडकते.

हेडफोनच्या इतिहासात वजनाचा हा प्रश्न जुनाच आहे. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ हा मागून उघडा, स्पंजच्या गाद्यांचा हलका हेडफोन आणला आणि तो प्रचंड खपला. तोपर्यंतचे जड, बंद वाट्यांचे हेडफोन फार वेळ डोक्यावर ठेवणे अवघड होते. लोकांना चांगल्या आवाजाइतकाच हलकेपणाही हवा होता, हे त्या खपावरून दिसले.

उन्हाळ्यात गाद्यांचे पापुद्रे का निघतात?

स्वस्त हेडफोनच्या गाद्यांवर ‘लेदर’ म्हणून जे असते, ते खरे चामडे नसते. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. ओलावा आणि उष्णता मिळाली की या थराची रासायनिक साखळी तुटत जाते. घाम आणि केसांचे तेल त्यात भर घालतात. आपल्याकडे तेल लावून केस बांधण्याची सवय घरोघरी आहे. त्यामुळे वर्ष-दीड वर्षात गादीचे काळे पापुद्रे गालावर, कानावर चिकटू लागले, तर तो केवळ वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा नसतो. त्या कापडाचा तो स्वभावच आहे.

कापडी किंवा जाळीदार गादी हवा खेळती ठेवते आणि घाम शोषते. मात्र ती धूळ धरते, आणि तिच्यातून बाहेरचा आवाज आत व आतला थोडा बाहेर जातो. उन्हाळ्यात अनेक तास ऐकणाऱ्यासाठी तरीही कापडी गादी बरी. आधीच रेक्झिनची गादी असेल, तर जुन्या सुती बनियनच्या कापडाची खोळ शिवून घालता येते. तिने बासचा जोर थोडा कमी होतो. व्याख्यान ऐकणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. खोळ दर दोन-तीन दिवसांनी धुवावी. गाद्या काढून बदलता येतात का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. गोल आणि लंबगोल मापांच्या सुट्या गाद्या काहीशे रुपयांत मिळतात आणि हेडफोनचे आयुष्य वाढवतात. चिकटवलेल्या गाद्या फाटल्या की हेडफोनच टाकावा लागतो.

घाम आणि बंद वाटी यांचा आरोग्याशीही संबंध आहे. दमट, उबदार कानात बुरशीचा संसर्ग लवकर होतो. कान आधीच खाजत किंवा वाहत असेल, तर हेडफोन लावूच नये. वसतिगृहात एकच हेडफोन चौघांनी वापरणे हीदेखील टाळण्याजोगी सवय आहे.

महाग म्हणजे चांगला आवाज, हे खरे का?

नेहमी नाही. ध्वनितज्ज्ञ येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ द अकॉस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २८३ हेडफोन-इअरफोनची मोजमापे तपासण्यात आली. कोणता हेडफोन कोणत्या पट्टीचा आवाज किती जोरात देतो, याचा जो आलेख असतो, त्याचा आणि किमतीचा काही संबंध आढळला नाही. पैसे जास्त मोजले म्हणजे आवाज आपोआप समतोल मिळेल, असे नाही.

किमतीतून मिळते ते दुसरे काही : मजबूत सांधे, चांगल्या गाद्या, बाहेरचा आवाज कमी करणारी यंत्रणा, उत्तम माइक आणि अर्थातच नाव. याचा अर्थ सगळे स्वस्त हेडफोन चांगले असाही नाही. स्वस्त गटातही चांगले-वाईट दोन्ही सापडतात आणि ते किमतीच्या चिठ्ठीवरून ओळखता येत नाहीत. ते कानाने ओळखावे लागतात.

खोक्यावरचे आकडे काय सांगतात?

‘४० मिलिमीटर ड्रायव्हर’ हा सर्वांत ठळक छापलेला आकडा. ड्रायव्हर म्हणजे वाटीतला छोटा स्पीकर. पूर्ण कान झाकणाऱ्या बहुतेक हेडफोनमध्ये तो ४० मिलिमीटरच्या आसपासच असतो, त्यामुळे या आकड्यावरून निवड होत नाही. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर आपोआप चांगला ठरतो असेही नाही. पडदा कशाचा आहे, वाटीची पोकळी कशी घडवली आहे, गादी कशी बसते, यावर आवाज ठरतो.

‘२० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झ’ ही तर माणसाच्या श्रवणाची सर्वसाधारण मर्यादा आहे आणि ती जवळपास प्रत्येक खोक्यावर असते. या पट्ट्यात आवाज किती वर-खाली होतो, हे सांगितले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

‘३२ ओहम’ हा विद्युतरोध. मोबाइलला जोडायच्या तारेच्या हेडफोनसाठी १६ ते ३२ ओहम योग्य. स्टुडिओसाठी बनवलेले अडीचशे ओहमचे हेडफोन मोबाइलवर फार हळू वाजतात. जुना स्टुडिओ हेडफोन स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी हे पाहावे.

‘एक्स्ट्रा बास’ हे खरे तर वैशिष्ट्य म्हणून छापले जाते. व्याख्यान ऐकणाऱ्यासाठी ती धोक्याची सूचना समजावी. तसे का, हे पुढे.

व्याख्यानासाठी आवाज कसा हवा?

माणसाच्या बोलण्याचा जोर खालच्या स्वरांत असतो, पण अर्थ वरच्या स्वरांत असतो. स्वर म्हणजे अ, आ, ओ यांची ताकद कमी कंपनसंख्येत असते. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत होते. ‘स’ तर चार हजारांच्याही वर असतो. बास फुगवलेल्या हेडफोनमध्ये खालचा जाड आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. सर भरदार वाटतात, पण शब्द पुसट होतात. विद्यार्थी मग आवाज वाढवतो. त्याने बासही वाढतो आणि शब्द पुसटच राहतात. दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकताना व्यंजनांना मिळणारा वेळ आणखी कमी होतो, त्यामुळे दोष अधिक ठळक होतो.

याची चाचणी करायला यंत्र लागत नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’ या शब्दांत फरक फक्त ‘स’चा आहे. ‘सात’ आणि ‘आत’ यांतही तोच. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’. नेहमीच्या शिक्षकांची, गणिते असलेली तासिका कमी आवाजात आणि दीडपट वेगाने लावावी. आकडे न अडखळता टिपता आले, तर हेडफोन कामाचा. पाच मिनिटांत दोनदा मागे जावे लागले, तर नाही. दुकानदार लावून दाखवतो ते दणदणीत गाणे ही चाचणी नव्हे. ते मुळातच हेडफोनची उणीव झाकण्यासाठी निवडलेले असते.

हेडफोन आधीच घेऊन झाला असेल, तर मोबाइलच्या ध्वनी सेटिंगमधील इक्वलायझरमध्ये सर्वांत डावीकडच्या पट्ट्या खाली आणाव्यात. नव्या हेडफोनइतका नाही, तरी बराच फरक पडतो. काही मुद्रणांत आवाज एकाच कानात येतो. तेव्हा हेडफोन बिघडला असे समजण्यापूर्वी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करून पाहावा.

आराम आणि कानांचे आरोग्य यांचा संबंध काय?

इथे मूळ मुद्दा येतो. गोंगाटात बोलणे सहज समजण्यासाठी ते गोंगाटापेक्षा साधारण १० ते १५ डेसिबल वर असावे लागते. जवळ ठेवलेल्या कूलरचा आवाज ६० डेसिबलच्या घरात असतो. हेडफोनची गादी नीट बसत असेल तर त्यातला काही भाग बाहेरच अडतो आणि विद्यार्थी हळू आवाजात ऐकू शकतो. गादी बसत नसेल, म्हणजे चष्म्याच्या काडीने फट पडली असेल, गादी चपटी झाली असेल किंवा कान दुखतो म्हणून हेडफोन मागे सरकवून लावला असेल, तर कूलर आत येतो. मग आवाज वाढवण्याखेरीज मार्ग राहत नाही. खिडक्या उघड्या असलेल्या एसटीत किंवा ‘तपोवन’सारख्या दिवसभराच्या रेल्वे प्रवासात गोंगाट ८० डेसिबलच्या आसपास जातो. तिथे फट असलेला हेडफोन लावून व्याख्यान ऐकणारा नकळत ९० डेसिबलला पोहोचतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून तयार केलेल्या सुरक्षित श्रवणाच्या मानकात मोठ्यांसाठी मर्यादा आहे आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. मुलांसारख्या अधिक जपायच्या गटासाठी ती ७५ डेसिबलवर ४० तास आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की त्यातील ऊर्जा दुप्पट होते, म्हणून मुभा निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे पाच तास.

आता विद्यार्थ्याचा हिशेब मांडू. रोज सहा तास म्हणजे आठवड्याला ४२ तास. आवाज ८० डेसिबल असला तरी मोठ्यांसाठीची मर्यादा ओलांडली गेली. तोच विद्यार्थी कूलरमुळे ८६ वर गेला, तर आठवड्याची मुभा दुसऱ्या दिवशीच संपते. गाणी ऐकणाऱ्याला जो आवाज एखादा तास चालून जातो, तो अभ्यास करणाऱ्याला चालत नाही. याचे कारण त्याचे तास.

कानाच्या आतल्या शंखाकृती भागात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या नष्ट झाल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. जगभरात १२ ते ३५ वयोगटातील १०० कोटींहून अधिक तरुण असुरक्षित ऐकण्यामुळे श्रवणदोषाच्या जोखमीत आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या सूचनेतही आवाज ५० डेसिबलपेक्षा जास्त नको आणि वापर मध्ये विश्रांती घेत दिवसाला दोन तासांपर्यंतच ठेवावा, असा सल्ला आहे. शिकवणीच्या वेळापत्रकात दोन तासांचा नियम बसवणे कठीण आहे, हे खरे. पण म्हणूनच उरलेले तास कमीत कमी आवाजात जावेत, यासाठी हेडफोन नीट निवडणे महत्त्वाचे ठरते.

‘एएनसी’ आणि ‘ईएनसी’ : जास्तीचे पैसे द्यावेत का?

ही दोन नावे मुद्दाम जवळजवळ छापली जातात. ‘एएनसी’मध्ये हेडफोनवरचे माइक बाहेरचा गोंगाट टिपतात आणि त्याच्या नेमक्या उलट लहरी तयार करून तो कमी करतात. तो ऐकणाऱ्याच्या उपयोगाचा. ‘ईएनसी’ मात्र आपण फोनवर बोलताना समोरच्याला गोंगाट कमी जावा यासाठी असतो. स्वतःच्या कानाला त्याचा काहीच फायदा नाही. फक्त ‘ईएनसी’ असलेला हेडफोन ‘नॉइज कॅन्सलिंग’ समजून घेणारे अनेक असतात.

एएनसी सलग आणि खालच्या पट्टीच्या आवाजांवर चांगली चालते. कूलरची घरघर, पंखा, रेल्वेचा खडखडाट हे तिचे काम. शेजारच्या खोलीतल्या गप्पा किंवा हॉर्न ती फारसे थांबवत नाही. खोक्यावरचा ‘३० डेसिबलपर्यंत’ हा आकडा एखाद्या विशिष्ट पट्टीवरचा सर्वाधिक असतो, सगळीकडचा नाही. आणि गादीला फट असेल तर एएनसीही निष्प्रभ होते. म्हणून दोन हजारांच्या आत खर्च करायचा असेल, तर आधी नीट बसणारी गादी पाहावी. त्याहून थोडे जास्त देता येत असतील आणि खोलीत कूलर कायम चालू असेल, तर एएनसीचा विचार करण्याजोगा आहे.

तारेचा घ्यावा की ब्लूटूथचा?

त्याच किमतीत तारेचा हेडफोन हलका असतो, चार्जिंग लागत नाही आणि लाइट गेली तरी चालतो. उणीव तारेची. ती पिनेजवळ वाकून तुटते. वेगळी काढता येणारी तार असेल तर केवळ तार बदलून भागते. अनेक नव्या मोबाइलना गोल पिनेची जागा नसते, त्यामुळे सी-टाइपचे जोडयंत्र लागते. ते आपल्याच मोबाइलवर चालते का, हे दुकानातच लावून पाहावे, कारण सर्व जोडयंत्रे सर्व मोबाइलवर चालत नाहीत.

ब्लूटूथमध्ये तारेचा गुंता नाही, पण वजन जास्त आणि बॅटरीचे आयुष्य मर्यादित. ब्लूटूथने आवाजाचा दर्जा घसरतो, ही भीती व्याख्यानाच्या बाबतीत अनाठायी आहे. ऑनलाइन तासिकेचा आवाज मुळातच बराच दाबून साठवलेला असतो. साधे ब्लूटूथ त्यापुढे तोकडे पडत नाही. मध्यम मार्ग म्हणजे ‘ऑक्स’ची जागा असलेला ब्लूटूथ हेडफोन. बॅटरी संपली तर तार लावून काम भागते.

दुकानात काय तपासावे?

हेडफोन किमान पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावा, चष्मा असेल तर चष्म्यासह. मान खाली घालून वहीत लिहिल्यासारखे करावे. घसरतो का पाहावे. तोंड उघडझाप करावे. जबडा हलताना फट पडून आवाज बदलत असेल तर गादी बसत नाही. कान आत पूर्ण मावतो का, आतल्या जाळीला लागतो का, हे बोटाने चाचपावे. पट्टी लहान-मोठी करताना खाच घट्ट बसते का पाहावे. त्यानंतर ‘साठ-आठ’ची चाचणी.

शेवटी, आपण नेहमी ठेवतो तेवढ्या आवाजात तासिका लावून सोबत आलेल्याला हातभर अंतरावरून नेहमीच्या सुरात बोलायला सांगावे. तो बोलतो आहे याचीही जाणीव होत नसेल, तर बहुधा आवाज जास्त आहे. घरीही ही तपासणी अधूनमधून करता येते. (एएनसी चालू असल्यास ती बंद करूनच.) मोबाइलवरील आवाजाची पट्टी ६० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा सर्वसाधारण नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ब्लूटूथ हेडफोनच्या खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा. ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो खरा आहे का तपासता येतो. हे चिन्ह विद्युत सुरक्षेचे आहे, आवाजाच्या दर्जाचे नाही. पण बॅटरी असलेली वस्तू तासन्‌तास डोक्याला लावायची असल्यामुळे तेही महत्त्वाचे. पक्के बिल घ्यावे. गादी आणि तार हमीत येतात का विचारावे, बहुधा येत नाहीत. ऑनलाइन मागवताना ‘परत’ आणि ‘फक्त बदलून’ यांतला फरक आधी वाचावा. कान दुखतो हा दोष मानला जात नाही, त्यामुळे परतीची सोय नसेल तर पैसे अडकतात. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

हेडफोन काढल्यावर कानात ‘कुईं’ असा आवाज राहणे, बोलणे कापूस घातल्यासारखे ऐकू येणे, समोरच्याला वारंवार ‘काय?’ विचारावे लागणे, गोंगाटात शब्द न कळणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. रात्रभरात ती कमी झाली तरी तो इशाराच समजावा. दुसऱ्या दिवशीही राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे, वाट पाहू नये. नांदेडला विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे या विभागांचे बाह्यरुग्ण कक्ष आहेत.

हेडफोन कितीही चांगला असला तरी दर तासाला पाच-दहा मिनिटे तो काढून ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्या वेळात घाम वाळतो, दाब उतरतो आणि कानांना उसंत मिळते. कूलर दोन हात दूर सरकवणे हा दुसरा. खोलीत एकटे असताना मोबाइलचा स्पीकर वापरणे आणि वाचून होण्यासारखे धडे वाचूनच करणे हा तिसरा. पालक मुलांच्या शिकवणीवर लाखभर रुपये खर्च करतात. हेडफोन घेताना पाचशे रुपये कमी-जास्त करण्यापेक्षा मुलाला सोबत नेऊन तो त्याच्याच डोक्यावर पंधरा मिनिटे ठेवून पाहणे, हे त्यांच्या हाती आहे. ज्यांना पुढे जाऊन डॉक्टर व्हायचे आहे, त्यांना स्टेथोस्कोपमधले ठोके याच कानांनी ऐकायचे आहेत.